धनेशाचं छप्पर आणि आमची सोसायटी

बाळांनो, एका जंगलात एक उंच बेहडा होता. त्यावर बिऱ्हाडं इतकी वाढली, की शेवटी त्याची सोसायटी झाली. सोसायटी झाली म्हणून सेक्रेटरी लागला. सगळ्यांनी घुबडाला निवडलं, कारण सभा दिवसा असायच्या आणि घुबड दिवसा झोपायचं.

ते घुबड म्हणजे मीच.

उन्हाळ्यात बेहड्याची पानं गळायची आणि झाड तापायचं. म्हणून आम्ही एक हत्ती ठेवला होता. तो खाली उभा राहून कानांनी वारा घालायचा. त्याला सगळ्यांनी मिळून केळी द्यायची. वारा तळमजल्याला छान लागायचा. वरच्या मजल्यावर फक्त केळ्यांची वर्गणी पोचायची.

सगळ्यात वरच्या ढोलीत धनेश राहायचा. त्याची बायको अंडी उबवायला आत बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिनं ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घेतलं होतं. चोच बाहेर येईल एवढीच फट.

धनेश सभेला आला. म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, शेंड्यावर पळसाच्या पानांचं छप्पर घालू. झाड तापणार नाही. हत्तीचं काम कमी होईल, केळी वाचतील. प्रत्येकानं थोडी थोडी पानं आणायची."

"आमच्या बिळात गारवाच आहे," मुळांखालच्या साळिंदरबाई म्हणाल्या. "तुमच्या डोक्यावरच्या छपराला आम्ही का पानं द्यायची?"

"मी तर भाडेकरू," बुलबुल म्हणाली. "पिल्लं उडाली की चालले. घरमालकीण खारूताईंना विचारा."

"मी राहते दुसऱ्या झाडावर," खारूताई म्हणाल्या. "उकडतं ते हिला. मला काय त्याचं?"

"माझी बायको आत भाजतेय हो," धनेश म्हणाला. "सकाळी फटीतून फळ दिलं, तर तिनं घेतलंसुद्धा नाही."

कुणीतरी माझी फांदी हलवली. मला जाग आली. मी म्हणालो, "उपसमिती नेमू."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला तर फारच.

छपराच्या पानांचा खर्च वाचलेल्या केळ्यांतून किती उन्हाळ्यांत वसूल होईल, याचा उपसमिती अभ्यास करू लागली. धनेशानं वाट पाहिली नाही. तो एका खेपेला फळ आणायचा, पुढच्या खेपेला पान. त्याची पिसं झडली, पण छप्पर झालं. झाड निवलं. एका सकाळी फटीतून चोच बाहेर आली आणि तिनं फळ घेतलं. पुढे ढोलीतून पिल्लाचा आवाजही येऊ लागला.

हत्ती आता फक्त भर दुपारी यायचा. केळी उरू लागली. त्यांचं काय करायचं यावर सभा झाली. ठराव एकमतानं झाला: सभांसाठी हत्ती जादा वेळ ठेवावा.

शिवाय विनापरवानगी झाडाचं रूप बदलल्याबद्दल धनेशाला नोटीस द्यायचं ठरलं. मसुदा मी केला. भाषा मोठी सुरेख उतरली होती.

तेवढ्यात सिंहमहाराजांनी आमच्या झाडाला ऊर्जाबचतीचं बक्षीस जाहीर केलं. ते स्वतः शाल घेऊन आले.

"छप्पर कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून, महाराज," मी म्हणालो.

धनेश वरून ऐकत होता. त्याच्या चोचीत पिल्लासाठी उंबर होतं. बोलला असता तर ते खाली पडलं असतं. तो ढोलीकडे वळला.

मी शाल पांघरली. झाडाखाली इतकं गार होतं, की ती खरंच लागली.

तात्पर्य: ऊर्जाबचतीचा खर्च हमखास वसूल होतो. फक्त तो शेजाऱ्यानं केलेला असावा.