पसंतीक्रम

पंचायत समितीतल्या रत्नपालबाबूंना सरकार कळत होतं. बायको कळत नव्हती, पोरगी कळत नव्हती, घरातला मिक्सरही कळत नव्हता. पण सरकार कळत होतं. (असा त्यांचा समज. सरकारला तो कोणी कळवला नव्हता.)

या समजाचं मूळ बदलीच्या अर्जात होतं. अर्जात पसंतीची तीन गावं लिहायची असतात. बाबूंनी एकदा मनापासून पहिलं गाव लिहिलं अर्जुनी मोरगाव, आणि बदली झाली जंगलातल्या दरेकसाला. त्या दिवशी त्यांना ज्ञान झालं: साहेब पहिल्या पसंतीवर काट मारतो, दुसरीवरही मारतो आणि उपकार केल्यासारखी शेवटची देतो. पुढच्या खेपेला त्यांनी नको ती दोन गावं वर घातली, अर्जुनी तळाला टाकली, आणि मिळाली! (त्या वर्षी अर्जुनी दुसऱ्या कोणी मागितलीच नव्हती. ही माहिती बाबूंपर्यंत पोचली नाही.)

२०१८ साली त्यांची एकुलती एक लेक समीक्षा बारावी झाली. तलावाचं पाणी पाटाच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, का पोचत नाही, हा तिचा लहानपणापासूनचा प्रश्न, आणि त्यासाठी तिला नागपूरच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं. दोन वर्षं तिने वहीत कटऑफ उतरवले, सरांना विचारून विचारून कॉलेजांची यादी केली. सगळ्यात वर नागपूर. यादी लांब ठेवा असं सर म्हणाले, म्हणून सगळ्यात खाली कोकणातलं एक खासगी कॉलेज, तेही केमिकलचं.

ऑनलाइन फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तिला सणकून ताप भरला. तिने यादी आणि पासवर्ड बाबूंच्या हाती दिला.

"बाबा, जसं लिहिलं तसंच भरा. तुमची बदलीवाली अक्कल इथं नोका लावू."

"मले शिकवतेस? वीस वर्षं झाले, फॉर्मच भरून राहिलो!"

लोकेशच्या नेट कॅफेत बाबू बसले खरे, पण पडद्यावर 'पसंतीक्रम' हा शब्द दिसला आणि त्यांच्या अंगात वीस वर्षांची नोकरी संचारली.

"लोकेश, यादी उलटी भर. खालचं वर, वरचं खाली."

"काऊन काका? पोरगी कोकणात जाईन का?"

"थे मिळतच नाही ना बावा! पहिलं कोणाले मिळते? साहेब काट मारते."

"इथं साहेब नाही काका, कम्प्युटर आहे."

"अन् कम्प्युटरवर कोण बसते? साहेबच ना?"

लोकेशने कपाळाला हात लावला आणि फॉर्म भरला.

कम्प्युटरवर कोणीही बसलं नव्हतं. पहिल्याच फेरीत समीक्षाला पहिला पर्याय मिळाला: कोकण, केमिकल. नियमाप्रमाणे पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यायचा, पुढच्या फेऱ्या बंद. नागपूरचं सिव्हिल तिच्याहून तीन मार्क कमी असलेल्या पोराला मिळालं.

ती ओरडली असती तर बाबूंना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मागितलं असतं तर भेटलं असतं."

शाळेने मात्र फळ्यावर लिहिलं: 'समीक्षा, पहिल्या फेरीत पहिला पर्याय, अभिनंदन!' लोक घरी आले. बाबूंनी खाली मान घालून पेढे वाटले. दवनीवाड्याहून भैय्यालाल नावाचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "बाबू, याचाही फॉर्म पुढच्या साली तुम्हीच भरा." समीक्षा आतल्या खोलीत बॅग भरत होती, आणि दार उघडं होतं.

ऑगस्टात ती निघाली. स्टेशनवर आईच्या गळ्यात पडली, बाबूंच्या पाया पडली. गाडी हलायला लागली तेव्हा बाबू खिडकीसोबत चालू लागले.

"घरी केव्हा येशीन, बेटा?"

तिने खिडकीतून घडी घातलेला कागद त्यांच्या हातात दिला. "लिहून ठेवलं, बाबा. पसंतीक्रमानं."

गाडी गेल्यावर बाबूंनी तो उघडला.

१. दिवाळी
२. उन्हाळ्याची सुट्टी
३. कधीच नाही

वीस वर्षांत हजारो अर्ज वाचलेला माणूस हा तीन ओळींचा कागद घेऊन फलाटावर तसाच उभा राहिला. दिवाळी पहिली, म्हणजे तिला यायचं आहे. पण नागपूरही पहिलंच होतं आणि ते खाली गेलं; खरी पसंती तळाला घालायची, ही तर बाबूंचीच रीत. मग हिने यादी सरळ लिहिली की उलटी?

बायकोने, सुशीलाबाईंनी, कागद त्यांच्या हातून ओढून घेतला. वाचला, आणि सुशीलाबाईंचा चेहरा पडला.

"अजी, तुमची थे उलटी रीत तुम्ही पोरीले शिकवली तर नाही ना?"

"नाही, नाही," बाबू घाईघाईने म्हणाले. "मी तिले काहीच नाही शिकवलं."

(शिकवली होती. पाचवीपासून, रोज जेवताना, मोठ्या अभिमानाने.)