ढोलावर मोर होता का?

नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, कंपनी विचारतात, शारजात राहून रोज दुबईला कसे जाता ते विचारतात. बोरसे विचारतात, "तुमच्या लग्नात बँड होता?"

समोरचा हो म्हणाला की लगेच दुसरा प्रश्न. "ढोलावर मोर होता का?"

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये त्यांनी मलाही हेच विचारलं होतं. मी म्हणालो, "आमचं रजिस्टर लग्न." घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तसा बोरसेंचा चेहरा पडला. "अरेरे, अविनाशभाऊ," ते म्हणाले, "मग वाजलंच नाही काही?"

मी खोटं बोललो होतो. किती खोटं, ते पुढे येईलच. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलोय.

बोरसे खानदेशातले. ते चौथ्या मजल्यावर, मी सातव्या. दोघांची ऑफिसं दुबईत जवळजवळ, म्हणून एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्यांची. नियम एकच: ज्याची गाडी त्याचं संगीत. माझ्या आठवड्यात ख्याल. त्यांच्या आठवड्यात लग्नातला बँड. मिरवणुकीत वाजतो तोच, पिपाण्या, ढोल, झांजा, मध्येच कुणाची तरी शिट्टी, "मामा कुठंय, मामाला बोलवा" अशी आरोळी. काचा बंद, एसी चालू, पुढेमागे मैलभर गाड्या तुंबलेल्या, आणि आत पन्नास वऱ्हाडी नाचताहेत. शेजारच्या गाडीतला पांढऱ्या कंदुऱ्यातला, पायघोळ झग्यातला, अरब आमच्याकडे वळून बघायचा. बोरसे काच खाली करून त्याला सांगायचे, "हबीबी, वेडिंग!" तो बिचारा मलाच नवरदेव समजून हात करायचा.

"ऐका, आता क्लॅरनेट येईल," बोरसे म्हणायचे आणि स्टिअरिंगवर बोटं नाचवायचे. आली की थोडा वेळ डोळे बारीक करून ऐकायचे. मग मान हलवायची. "नाही. हा दुसराच कुणी. चांगला आहे, पण घाईत आहे."

कोण घाईत आहे, कोण हवा आहे, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या मुलीला एकदा त्या गाडीतून शाळेत सोडलं, तर ती उतरताना म्हणाली, "डॅड, इट्स सो क्रिंज." मी तिला दटावलं नाही. मनातून बरंच वाटलं.

बोरसेंचा छंद म्हणजे लोकांच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मागून आणणं. इथल्या मराठी मंडळातल्या कुणाचंही लग्न खानदेशात झालेलं असेल तर त्याची खैर नाही. दुबईत करामा भागातल्या एका फोटो स्टुडिओत कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून मिळतात. तिथला मल्याळी मालक बोरसेंना बघितलं की खुर्ची पुढे करतो. पण बोरसेंचा घात केला तो व्हिडिओवाल्यांनी. मिरवणुकीचं चित्र आलं की ते खालचा आवाज पुसून त्यावर सिनेमातलं गाणं चढवायचे. पडद्यावर दहा माणसं गाल फुगवून फुंकताहेत आणि ऐकू येतेय भलतीच कुणीतरी गायिका. "खलास!" बोरसे कपाळावर हात मारायचे. "इथंही गाणं टाकलं मेल्यानं! अहो, ज्यानं फुंकलं त्याचं काय?"

मी यावर हसायचो. आणि एके वर्षी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी सगळ्या हॉलला हसवलं.

माझी मंडळात एक प्रतिमा आहे. शास्त्रीय मैफलींचं निवेदन मी करतो. गाण्यातलं कळणारा माणूस म्हणून लोक मला पहिल्या रांगेत बसवतात. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, काहीतरी विनोदी करा. मी लाल कोट आणला, झालरीची टोपी चढवली, कुणाच्या तरी मुलाची क्लॅरनेट मागून घेतली आणि बोरसे करून दाखवले. मानेचा तो झटका, ती बोटं, "हबीबी, वेडिंग!", "ढोलावर मोर होता का?" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. बोरसे तिसऱ्या रांगेत होते. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत होते.

नंतर जेवणाच्या रांगेत ते माझ्या मागे आले. ताट हातात धरून म्हणाले, "फर्स्टक्लास केलंत, भाऊ. एकच सांगू? तुम्ही हात उलटे धरले होते. क्लॅरनेटला डावा हात वर असतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वडील वाजवायचे ना." त्यांनी ताटात कोशिंबीर वाढून घेतली. "तीस वर्षं. मोराच्या बँडमध्ये. पेंटरनं त्या मोराला तीन पाय काढले होते, आम्हा पोरांना फार मजा वाटायची."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग तुमच्या लग्नात त्यांनीच वाजवलं असेल."

"नाही. मी इथं नोकरीला लागून लग्नापुरता गावी गेलेलो. डीजे लावला. ते सफारी घालून खुर्चीवर बसले होते." रांग पुढे सरकली. "आता नाहीत ते. एक फोटो आहे, पण फोटोत वाजत नाही. लोकांच्या लग्नात कुठंतरी असतील. सापडतील, इन्शाल्ला."

मी त्या रांगेत उभा होतो आणि मला तीन पायांचा मोर स्वच्छ दिसत होता.

कारण माझं लग्न रजिस्टर झालेलं नाही. माझी सासुरवाडी बोरसेंच्याच तालुक्यातली. सासऱ्यांनी हौसेनं बँड सांगितला होता. मी घोड्यावर, पुढे विटलेल्या लाल कोटातली दहा माणसं आणि ढोलावर तो मोर. पुण्याहून आलेले माझे मित्र तोंडावर रुमाल धरून हसत होते. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत जायचं होतं. अर्ध्या वाटेत मी घोडा थांबवून बँड बंद करायला लावला. उरलेली मिरवणूक मुकाट गेली, मयतासारखी. 

त्या लग्नाची कॅसेट आमच्याच घरात होती, सातव्या मजल्यावर, बायकोच्या बॅगेत साड्यांच्या खाली. हे मला लिफ्टमध्येही माहीत होतं आणि जेवणाच्या रांगेतही. मी तेव्हाही बोललो नाही. बोललो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. त्यानंतर दोन वर्षं मी बोरसेंच्या शेजारी बसून गेलो-आलो. ते क्लॅरनेटची वाट बघायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

शेवटी बायकोच एकदा म्हणाली, "एवढं विचारते. तुम्हाला लाज बँडची वाटली होती, की माझ्या माहेराची?"

दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन करामाला गेलो.

स्टुडिओवाला म्हणाला, "साब, इसमें गाना नहीं डाला है. ओरिजिनल साउंड है." बरोबर. मिक्सिंग करून देतो म्हणून आमचा व्हिडिओवाला जो गायब झाला, तो परत आलाच नव्हता. स्टुडिओवाल्याच्याच पडद्यावर बघितलं. मिरवणुकीच्या सुरुवातीला ढोल आणि झांजांनी सगळं बुडवलेलं. मग वळणावर कॅमेरा क्लॅरनेटवाल्याच्या तोंडाशी गेला. टोपी डाव्या कानावर कललेली, डावा हात वर. सूर मोकळा झाला. सावकाश, कसलीही घाई नसलेला. मला गाण्यातलं कळतं असं लोक म्हणतात. कळत असेल तर तो माणूस सुरेल होता. अकरा सेकंद. मग कॅमेऱ्याच्या जवळून एक तरुण, चिडलेला आवाज: "बास, बास. बंद करा हे."

तो आवाज कापून मग बोरसेंना पेनड्राइव्ह द्यावा असा विचार माझ्या मनात आला होता. कापायला स्टुडिओवाला तयारही होता. का कोण जाणे, धीर झाला नाही.

त्यांच्या आठवड्यात, त्यांच्या गाडीत, मी तो लावला. "माझ्या लग्नातलं आहे," एवढंच म्हणालो. गाड्या तुंबल्या होत्या. क्लॅरनेट आली तशी बोरसेंची बोटं स्टिअरिंगवर नाचली नाहीत. थांबली. मग माझा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मागचा हॉर्न वाजवत होता.

"बोरसे, मी तेव्हा..."

"वडीलच आहेत," ते म्हणाले.

आता त्यांच्या आठवड्यात रोज तेच असतं. इतर सगळ्या मिरवणुका बंद झाल्या. अकरा सेकंद ते, मग मी. परवा मला सहन झालं नाही. म्हणालो, "शेवटचा माझा आवाज काढून टाका ना. स्टुडिओवाला देतो कापून."

"विचारलं मी त्याला," बोरसे म्हणाले. "जमत नाही. तुम्ही बास म्हणता ना, तरी ते लगेच थांबलेले नाहीत. शेवटचा सूर तुमच्या आवाजाच्या खाली आहे. तुम्हाला कापलं तर तोही जातो."

पुढची गाडी हलली. "यल्ला," ते म्हणाले, आणि ब्रेकवरचा पाय काढला.