खाजणातला साकव

चारकोपला ठरल्या जागी चार वाजता गृहनिर्माण मंडळाचे साहेब प्लॉटचा ताबा देणार होते आणि नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा नंबर जाणार होता. १९८६ साल होतं. काशीराम आणि वनमाला अकरा वर्षं मालाडला काशीरामच्या बहिणीच्या खोलीत, पडद्याआड संसार करत होते. म्हणून अडीच वाजले तरी बसचा पत्ता नाही म्हटल्यावर वनमाला थांब्यावरून रस्त्यात उतरून बघू लागली.

"खाजणातसून जावया," काशीराम म्हणाला.

"आणि भरती इली तर?"

"अगो, मी खाजणातच वाढलंय. माका काय शिकवतंस?"

खाडीकाठच्या त्या दलदलीत पहिला मैलभर हे वाढणं कामाला आलं. मग चिखलाने त्याची डावी चप्पल गिळली, आणि तिला सोबत म्हणून उजवी. वनमाला कागदांची पिशवी डोक्यावर धरून मागून येत होती आणि मनातल्या मनात रवळनाथाला नारळ बोलत होती. भरतीचं पाणी घोट्याला लागलं होतं. समोर भरावावर साहेबांची जीप उभी दिसत होती, पण मधला चिखल पाय सोडायला तयार नव्हता.

तेवढ्यात काशीरामला खुंट दिसले. एका रांगेत रोवलेले, कमरेएवढे, चिखलाने माखलेले.

"कोळ्यांचे जाळी बांधूचे खुंट. गावाक व्हाळ ओलांडूक साकव घालतंव ना, तसो घालूया."

"लोकांचे खुंट कित्याक उपटतास?"

"ते दुसरे रोवतले. आपली जागा गेली तर दुसरी मेळूची नाय."

काशीराम खुंट उपटून आडवे टाकत गेला, ती त्यावर पाय देत गेली. शेवटचा खुंट त्याने काठी म्हणून हातात ठेवला. चारला पाच कमी असताना दोघं भरावावर चढली. काशीरामच्या अंगावर चिखलाखेरीज फारसं काही दिसत नव्हतं, तरी छाती फुगली होती.

भरावावर जमलेली माणसं मात्र साहेबांभोवती गोळा झाली होती. साहेब नकाशा उलटासुलटा करत होते.

"सकाळी मी स्वतः बघितले. 'क' रांगेतल्या प्लॉटचा प्रत्येक खुंट जागेवर होता. आता एक नाही. खुंटच नाही तर ताबा कशाचा देऊ?"

वनमालाने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काशीराम खाडीकडे बघू लागला.

कारकुनाने काशीरामच्या हातातली काठी घेतली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि तिच्यावरचा नंबर वाचला. "क सतरा. हा कोणाचा?"

"आमचोच," वनमाला म्हणाली. तिने पिशवीतून वाटपाचं पत्र काढून पुढे केलं.

साहेबांनी काशीरामला चिखलाच्या पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ठीक आहे. तुमचा खुंट हजर आहे, ताबा घ्या. फक्त तो कुठे होता ते दाखवा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. भरती चढली होती. रांग नव्हती, साकव नव्हता, नुसतं सपाट पाणी होतं.

वनमालाने पुन्हा ओचा खोचला आणि खुंट नवऱ्याच्या हातात दिला.

"चला. खाजणात वाढलास ना?"

काशीराम पाण्यात उतरला. त्याच्यामागे 'क' रांगेतली बाकीची कुटुंबं चपला हातात घेऊन उतरू लागली.