तीनशे अस्सल डेट्रॉईटकर

डेट्रॉईट शहराची लोकसंख्या त्या वर्षी दहा लाखांच्या काठावर लटकत होती; त्याखाली घसरली की सरकारी पैसा आटणार होता. एके काळी तिथे अठरा लाख माणसं राहत, मोटारी बनवत. मग त्याच मोटारींत बसून त्यातली निम्मी गावाबाहेर निघून गेली. हा इतिहास गिरीश राजाध्यक्षांना तोंडपाठ होता, कारण पंचवीस मैलांवरच्या नोव्हाय या शहरकर नसलेल्या, चांगल्या शाळांच्या उपनगरात राहून ते डेट्रॉईटवर जिवापाड प्रेम करत.

त्या वर्षी त्यांना 'डेट्रॉईटकर मराठी मंडळा'चं अध्यक्षपद हवं होतं. निवडणूक स्नेहसंमेलनातच होती. छाप पाडायला त्यांनी शहराच्या शिरगणती खात्यातले डॉसनसाहेबच प्रमुख पाहुणे म्हणून आणले, शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवरून गर्जना केली, "वुई थ्री हंड्रेड डेट्रॉईटर्स वेलकम यू!"

साहेबांचे डोळे भरून आले. "तीनशे? आणि आमच्या मोजणीतून सुटलात? उद्याच नोंद करू! शहराचा आयकर, शहराच्या शाळा, सगळं तुमचंच!"

तीनशे बटाटेवडे घशात अडकले.

"अहो, सांगा ना त्यांना आपण नोव्हायचे म्हणून!" त्यांच्या पत्नी वीणाताई कुजबुजल्या.

"आत्ता? मतदान व्हायचंय!"

"मग मुलांच्या स्कूल्स चेंज करू का तुमच्यासाठी?"

"बाबा," त्यांची मुलगी चारुता माइकजवळच ओरडली, "वी हॅव नेव्हर इव्हन बीन टू डेट्रॉईट!"

गिरीशरावांनी माइकवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. साहेबांनी थंडपणे विचारलं, "शहराच्या हद्दीत कोण राहतं?"

एकच हात वर झाला. नागपूरची सुजाता गजभिये, शहरातल्या इस्पितळात डॉक्टर. साहेबांनी आपली शाल तिच्या खांद्यावर घातली आणि ते निघून गेले.

"मंडळाच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष डेट्रॉईटचा रहिवासीच लागतो," मंडळाचे जुने सभासद एकनाथकाकांना नेमकं तेव्हाच आठवलं.

"मला चालेल," सुजाता म्हणाली. "पुढचं संमेलन शहरातच करू या, काका."

शहरात! सभागृह हादरलं. तातडीने घटनादुरुस्ती झाली: नातेवाइकांना सांगताना जो ज्या शहराचं नाव घेतो, तो तिथलाच रहिवासी समजावा, कर भरताना ही व्याख्या लागू नाही. सुजाताने विरोधात मत दिलं, पण ती प्रत्यक्ष डेट्रॉईटमध्ये राहत असल्याने तिचे हितसंबंध गुंतलेले आहेत, या कारणास्तव ते बाद ठरलं. गिरीशराव एकमताने निवडून आले.

हसा, वाचकहो, खुशाल हसा. परगावी तुम्हीही छाती फुगवून "आम्ही पुण्याचे" म्हणता, तेव्हा पिनकोड विचारायला अजून कोणी आलेलं नाही, एवढंच.