घारींची हद्द

संखेभाऊ नोटीस घेऊन आले तेव्हा नलू दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी बांबूच्या दांड्यांवर ताणलेल्या दोरीवर टाकत होती. संखेभाऊंनी आधी नाकाला रुमाल लावला आणि मग हाक मारली. तसा या माणसाला सुका बोंबील भारी प्रिय. जेवायला बसले की कालवणात पहिला हात बोंबलावर. पण बोंबील ताटात हवा, वाऱ्यावर नको, हा त्यांचा बाणा. त्यांचं गाव पाम, म्हणजे चिंचणीहून फार लांब नाही, आणि नोकरी पालघरच्या सरकारी कार्यालयात.

"नलूबाय, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या हातात काही नाही."

"हातात कागद हाय की," नलू म्हणाली. "वाचा."

संखेभाऊंनी रुमालाआडून वाचलं. चिंचणीच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घातल्यामुळे आकाशात घारी जमतात. घारींमुळे हवाई सुरक्षेस बाधा पोहोचते. सबब पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी.

नलूचा नवरा वामन सावलीत बसून जाळं शिवत होता. गुडघ्याने दगा दिल्यापासून बोट मुलाकडे आणि मतं वामनकडे राहिली होती. "म्हंजे घारींना आमंत्रण पण आमीच देतो?" तो म्हणाला. "उद्या भरतीची पण नोटीस काढाल."

"भरतीचं खातं वेगळं आहे," संखेभाऊ अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

नलू हसली नाही. याच दांड्यांवर तिच्या सासूने बोंबील वाळवले आणि सासूच्या सासूनेही. पावसाळ्यात बोट वर ओढली की चार महिने हेच सुके बोंबील घर चालवतात. वाळवायला जागा नाही तर काय करायचं? ओला बोंबील संध्याकाळपर्यंत पाणी सोडतो. तो काही कागदाची वाट बघत थांबत नाही. तिला खरंच रडू येत होतं, पण दोन्ही हात माशाने माखलेले, डोळे पुसणार कशाने?

आता हे प्रकरण घारींपर्यंत पोहोचलं कसं, ते सांगायला हवं. शेजारच्या तारापूरच्या अणुवीज केंद्रावरून विमान न्यायला मनाई आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हौशी मंडळी रविवारी आपली छोटी विमानं घेऊन उत्तरेकडून किनाऱ्या-किनाऱ्याने येत आणि त्यातलं एखादं नको तिथे घुसे. त्यांना धाक कसा बसवावा, यासाठी एक समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख एक मोठे साहेब, आणि समितीची सगळी कामं करायला संखेभाऊ.

समितीने आधी सगळ्या विमान क्लबांना पत्रं धाडली. सगळ्यांनी कळवलं, आमचे सभासद फार शिस्तीचे आहेत, दुसऱ्या क्लबाचे असतील. मग साहेबांनी वाळूवर चाळीस फुटी ताडपत्री अंथरून तिच्यावर सूचना रंगवायला सांगितली. रंगाऱ्याने सगळ्यात वर समितीचं नाव घातलं, खाली प्रमुखांचं, त्याखाली सदस्यांची हुद्द्यासकट. उरलेल्या जागेत 'मागे फिरा' बसवलं, ते बिचारं वीतभरच बसलं. पुढच्या खेपेला एक विमान आलं आणि ते वाचायला खाली उतरलं. वाचता येईना म्हणून आणखी खाली. तीन घिरट्या घातल्या, तेव्हा किनाऱ्यावरची माणसं पालथी पडली.

"धाक दाखवायला बोलावलं की काय त्याला?" वामनने तेव्हाही विचारलं होतं.

या विमानांची एक गंमत होती. एक रविवार येत, पुढचा रविवार नाही. साहेबांना यात कट दिसला. संखेभाऊ चौकशीला गावात फिरले तेव्हा नलूने त्यांना सरळ सांगितलं होतं, "भांगात येतात ती. उधाणात नाय येत."

उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेची जोराची भरती. पाण्याला ओढ असते, जाळी भरतात, नलूच्या दांड्या बोंबलांनी वाकतात. भांग म्हणजे मधले मंद पाण्याचे दिवस. जाळ्यात काही येत नाही, दांड्या रिकाम्या. किनाऱ्यावरच्या लहान पोराला हे कळतं. पण संखेभाऊंच्या छापील फॉर्मात वार होता, वेळ होती, विमानाचा रंग होता, भांग कुठेच नव्हता. त्यांनी रकाने तपासले आणि पेन खिशाला लावलं.

मग साहेब स्वतः पाहणीला आले. नेमके उधाणात आले. वर बघतात तर पन्नास-साठ घारी गोल गोल फिरताहेत, खाली बोंबील. विमानाला घार धडकली, विमान खाली आलं, तर जबाबदार कोण? साहेबांना घाम फुटला आणि नोटीस निघाली.

पंधरा दिवस नलूने हातापाया पडून पाहिलं. शेवटी दांड्या उपटल्या. पुढच्या उधाणाला मुलाने भरलेली बोट आणली, तेव्हा तिने बोंबील घरात टांगले. ओटीवर, खिडकीच्या गजांना, कपड्यांच्या दोरीवर, टीव्हीच्या वायरीवर सुद्धा. वामनच्या पलंगावर मच्छरदाणीच्या चारी काठ्यांना जोड्या लटकल्या.

"अगो, रात्री एक माझ्या तोंडात पडला!"

"मग चावा आणि गप झोपा. बाहेर काढला तर घार बघंल."

पंखा लावून अर्धे सुकले, अर्धे नासले. नासलेले पुरताना मात्र नलूला हुंदका फुटला. वामनने त्या दिवशी कसलंही मत दिलं नाही.

दांड्या गेल्या तशा घारीही दोन दिवसांत गेल्या. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं. साहेबांनी अंतिम पाहणीचा रविवार ठरवला, आणि ठरवताना हुशारी केली. पाळीप्रमाणे त्या रविवारी विमान यायचंच नव्हतं. म्हणजे अहवालात लिहायला मोकळे, की घारी हटवल्या आणि विमानंही थांबली. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या. संखेभाऊंनी त्या दिवशी रुमाल आणलाच नाही, वासच नव्हता.

साहेब म्हणाले, "संखे, बघा. प्रशासनाने मनावर घेतलं तर—"

तेवढ्यात उत्तरेकडून घरघर ऐकू आली. एक विमान आलं आणि नाकासमोर मनाईच्या आकाशात शिरलं. पाठोपाठ दुसरं. साहेब उभे राहिले. तिसरं मात्र डगमगलं, मागे वळलं, पुन्हा आलं, रस्ता चुकलेल्या म्हशीसारखं इकडेतिकडे बघत राहिलं, आणि ओहोटीच्या कडक वाळूवर धाडकन उतरलं. मंडपाचं कापड उडून वामनच्या अंगावर पडलं.

आतून घामाघूम झालेला एक गृहस्थ उतरला. बोईसरचा कारखानदार, हितेशभाई. पोलीस धावले, साहेब धावले. पण हितेशभाई आभाळाकडे बोट दाखवून सगळ्यांवरच ओरडायला लागला.

"अरे, घारी कुठे गेल्या? मेरी घारी किधर गयी?"

"तुमच्या घारी?" साहेब म्हणाले.

"नाही तर काय! आम्ही सगळे घारी बघूनच वळतो. घारी दिसल्या की उजवीकडे समुद्रावर. एक घार काचेवर आली तर माणूस खलास! नकाशातली लाल रेघ वरून दिसते का साहेब? कधी कधी घारी नसतात, तेव्हा होते गडबड. पण आज तर असायला पाहिजे होत्या! आमचे सीनियर सांगतात, अमावास्या-पुनवेच्या बाजूचा रविवार एकदम सेफ."

संखेभाऊंच्या डोळ्यांसमोर तो छापील फॉर्म उभा राहिला आणि त्यांचे कान लाल झाले. वामन मंडपाच्या कापडातून डोकं बाहेर काढत म्हणाला, "म्हंजे इतकी वर्षं केंद्राची राखण आमची नलू करत होती. पगार कुणी घेतला?"

पोलीस हितेशभाईला चौकशीला घेऊन गेले. दंड, परवाना, जे व्हायचं ते झालं. पण साहेब वाळूतच थांबले. माणूस वाईट नव्हता. कायद्याला भीत नाही तो माणूस घारीला भितो, हे त्यांना कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नलूपुढे खरोखर हात जोडले.

"बाई, चूक झाली. उद्यापासून बोंबील पुन्हा लावा. आणि जमलं तर बाराही महिने लावा. पंधरवड्यात खंड नको."

"भांगात बोंबील कुठून आणू, साहेब? पाण्याला नोटीस लागू व्हते का?"

मग आदेश निघाला, की भांगाच्या दिवसांत बाजारातली मासळीची डोकी व टाकाऊ भाग सदर ठिकाणी टाकून घारींची उपस्थिती कायम राखावी. कामगिरी अर्थातच संखेभाऊंवर.

तेव्हापासून भांगातल्या रविवारी संखेभाऊ डोक्यांची पाटी घेऊन चिंचणीच्या किनाऱ्यावर हजर असतात. पहिल्या रविवारी रुमाल बांधून आले आणि एकेक डोकं दोन बोटांनी उचलून पुढ्यात टाकायला लागले.

"असं नाय वो भाऊ," नलू म्हणाली. "तुमी काय अक्षता टाकताय? वर फेका. घारीला उडत्यावर घ्यायला आवडतं."

त्यांनी वर फेकलं. घार आली, डोकं सोडून रुमालच घेऊन गेली. वामन इतका हसला की त्याचा दुखरा गुडघाही हलला.

चार-पाच भांग असेच गेले. एका संध्याकाळी पाटी रिकामी झाल्यावर संखेभाऊ नलूच्या ओटीवर चहा प्यायला टेकले. समोर दांड्या पुन्हा उभ्या होत्या, वर घारी फिरत होत्या. लांब एक छोटं विमान आलं आणि गुपचूप समुद्राकडे वळून गेलं.

"नलूबाय, एक विचारू?" संखेभाऊ म्हणाले. "हल्ली वास येत नाही. काही औषध मारता का?"

नलूने त्यांच्या खवले चिकटलेल्या हातांकडे पाहिलं.

"वास हाय तिथंच हाय, भाऊ. आता तो तुमच्या घरच्यांना येत आसंल."

संखेभाऊंनी हाताचा वास घेऊन पाहिला. त्यांना काहीच आला नाही. बायको गेले दोन महिने ताट अंगणात का वाढते, हे मात्र त्यांच्या आत्ता लक्षात आलं.