स्ट्रायकरची हिरवी पिशवी

चातुर्मास लागला की काहीतरी सोडायचं, हा सुकुमार मगदूमच्या घरचा रिवाज. सुकुमार तो दरवर्षी न चुकता पाळायचा. एका वर्षी त्याने आंबा सोडला, दुसऱ्या वर्षी फणस, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा आंबा. (आषाढानंतर सांगलीच्या बाजारात आंबा औषधालाही मिळत नाही, हे नियम देणाऱ्या मुनिमहाराजांच्या कानावर कुणी घातलं नव्हतं.) यंदा द्राक्षं सोडायची, असं तो घरातूनच ठरवून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आला होता. द्राक्षं बाजारात यायला अजून सहा-सात महिने होते.

पण नियम घ्यायच्या रांगेत त्याच्या नेमका पुढे अण्णाप्पा चौगुले उभा होता. अण्णाप्पा म्हणजे विश्रामबागेतला सायकलदुकानवाला, सुकुमारचा शेजारी, आणि मंडळाच्या खोलीतला कॅरमचा बादशहा. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, चहा सोडला."

बायकांच्या बाजूने कौतुकाची कुजबुज उठली. त्या बायकांत सुकुमारची बायको गुणमाला होती आणि तिची मान सगळ्यांत जास्त हलत होती. सुकुमारने ते पाहिलं आणि तो जळला. आपण भाजी आणली, दळण आणलं, रांगेत उभं राहून रॉकेल आणलं, तेव्हा ही मान कधी एवढी हलली नव्हती.

जिभेवर द्राक्षं होती, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "महाराज, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवणार नाही!"

महाराजांनी आशीर्वादाचा हात वर केला. गुणमालाने पदर सावरत नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. ती स्वतः माहेरापासून दिवसाउजेडीच जेवायची. घरात रात्री जेवणारा तेवढा सुकुमारच होता. तिच्या त्या नजरेने तो घरापर्यंत तरंगत आला आणि उंबऱ्यात पाय ठेवल्यावर त्याला कॅरम आठवला.

सुकुमार एका सहकारी संस्थेत कारकून. संस्था सुटली की तो घरी न येता थेट मंडळाच्या खोलीत जायचा. तिथे बोर्डावर पावडर पडली की त्याला घर, बायको, पोट यांतलं काही आठवायचं नाही. खोलीतला दिवा लागून दोन-चार डाव झाल्याशिवाय तो उठत नसे. आणि गंमत अशी की तो एवढं खेळून रोज हरत असे. हरला की "आणखी एकच" म्हणे आणि तोही हरे.

नियमाच्या पहिल्याच दिवशी तो घरी आला तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि गुणमालाने भांडी घासून पालथी घातली होती.

"आवं, नियम हाय न्हवं?" ती म्हणाली. "आता काय देऊ?"

"कोण मागतंय?" सुकुमार तोऱ्यात म्हणाला आणि पाणी न पिताच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात त्याची विजार कमरेवर राहीना. संस्थेत तो समोरच्या माणसावर खेकसायला लागला. रात्री त्याच्या पोटात अशी गुरगुर चाले की शेजारच्या अण्णाप्पाने एकदा मांजर समजून खिडकीतून पाणी फेकलं. नियम मोडावा, तर चहा सोडलेला अण्णाप्पा समोरच होता. तो अजून टिकून होता.

आणि मग एक चमत्कार झाला. सुकुमार जिंकायला लागला.

अण्णाप्पाच्या सोंगट्या भोकाच्या कडेवर येऊन थांबू लागल्या. राणी अगदी सरळ समोर असली तरी अण्णाप्पा चुकू लागला. दिवस मावळायच्या आत दोन-तीन डाव सुकुमारच्या खिशात. हरलेला माणूस "आणखी एकच" म्हणतो, जिंकलेल्याला घरी जाऊन सांगायची घाई असते. सुकुमार उजेडात घरी पोचू लागला, ताटावर बसू लागला आणि घासागणिक आपला विजय सांगू लागला.

"ही सगळी सवयीची करामत," तो भाकरी मोडत म्हणायचा. "नियम लावून घेतला की डोकं साफ होतं. डोकं साफ झालं की हात स्थिर होतो."

"व्हय तर," गुणमाला म्हणायची आणि खाली मान घालून क्रोशाची सुई चालवायची.

सुकुमारने मग चांगल्या सवयी लावून घेण्यावर संस्थेत भाषणं द्यायला सुरुवात केली. शिपायाला पहाटे उठायला सांगितलं. साहेबांना सुपारी सोडायला सांगितलं. (साहेबांनी त्याला टेबल बदलून दरवाजाच्या वाऱ्यात बसवलं.)

इकडे गुणमालाच्या सुईवर एक वस्तू आकार घेत होती. हिरव्या दोऱ्याची, गोल बुडाची, साखळ्यांवर खांब चढवत वर गेलेली इवलीशी पिशवी. तोंडाला ओढायची नाडी आणि नाडीच्या टोकाला पिवळा गोंडा. सुकुमारने ती चोरून पाहिली. आपला स्ट्रायकर आत घालून पाहिला. अगदी बेतोबेत बसला! त्याचं काळीज भरून आलं.

कारण त्या खोलीत प्रत्येकजण आपला स्ट्रायकर घरून आणायचा आणि सुकुमार आपला आणायचा तो एका जुन्या मोज्यातून. जोडीतला दुसरा मोजा कधीच हरवला होता. "मगदुमांचा मोजा आला, नाकं धरा," असं मंडळाचे ज्येष्ठ सभासद लालासाहेब रोज ओरडायचे. लालासाहेब पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांना हळू बोलता येत नव्हतं.

बायकोने आपला अपमान ओळखला, आपल्या नियमाचं बक्षीस विणलं, या आनंदात सुकुमारने तो मोजा न्हाणीच्या बंबात घातला. पिशवी पुरी झाली त्या दिवशी तो मुद्दाम मोकळ्या हाताने दारात घुटमळला. गुणमाला काही देईना. 'लाजत असेल,' असं म्हणून तो स्ट्रायकर मुठीत धरून संस्थेत आणि तिथून मंडळात गेला.

समोर अण्णाप्पा बसला होता. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि पिवळ्या गोंड्याची नाडी ओढून हिरव्या पिशवीतून आपला स्ट्रायकर बाहेर काढला.

सुकुमारच्या डोळ्यांपुढे बोर्ड गरगरला. "ही... ही कुठली रं?"

"मिळाली," अण्णाप्पा म्हणाला आणि खाली बघून पावडर पसरायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवशीही सुकुमार जिंकला, पण जिंकल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन तो ताटावर बसला आणि आमटीकडे बघत म्हणाला, "ते हिरवं काय विणत होतीस?"

"दिलं एकाला."

"कुणाला?"

"लायक माणसाला."

"काय एवढी लायकी त्याची?"

"माझं एक काम करतोय बिचारा. रोज संध्याकाळी. आन् तोंडातनं चकार शब्द काढत न्हाई."

सुकुमारला ठसका लागला. रोज संध्याकाळी? रोज संध्याकाळी तर अण्णाप्पा माझ्यासमोर बसलेला असतो! मग हा काम करतो कधी? आणि कसलं? त्याने मनातल्या मनात सगळी घरकामं तपासली. सायकल धड होती. नळ गळत नव्हता. जे काम नवऱ्याला जमत नाही आणि शेजाऱ्याला जमतं, असं घरात आहे तरी काय? तो जळायला लागला. अण्णाप्पाने चहा सोडला म्हणून जळला होता त्याहून जास्त जळला. त्याला रस्त्यावरच्या हिरव्या साड्या, हिरव्या मिरच्या, अगदी पोपटसुद्धा सहन होईनात.

शेवटी एका रविवारी तो भर मंडळात उभा राहिला. "अण्णाप्पा, आज एक डाव. जो जिंकेल त्याची ती पिशवी."

"नको गड्या," अण्णाप्पा कळवळून म्हणाला. "ती पिशवी सोडून काय बी माग. सायकलला नवी ट्यूब घालून देतो."

"भ्यालास?"

"त्यो भ्याला न्हाई, तुझी कीव करतोय!" लालासाहेब गरजले. "बसा दोघं. मी अंपायर."

अण्णाप्पाने पिशवीकडे पाहिलं. गोंड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग बाह्या वर केल्या, आणि सुकुमारने कित्येक आठवड्यांत न पाहिलेला अण्णाप्पा बोर्डाशी बसला. फोडायची पाळी त्याची होती. पहिल्याच फटक्यात दोन पांढऱ्या गेल्या. मग एक कट, एक रिटर्न, राणी, राणीवर कव्हर, आणि उरलेल्या पांढऱ्या एकामागून एक आपल्या पायाने चालल्यासारख्या भोकात गेल्या. सुकुमारचा स्ट्रायकर त्याच्या मुठीतच राहिला. त्याची पाळीच आली नाही.

"नील!" लालासाहेब ओरडले.

"आणखी एकच," सुकुमार म्हणाला. पुन्हा नील. "आणखी एकच." पुन्हा तेच. कुणीतरी खोलीतला दिवा लावला तेव्हा सुकुमारने मान वर केली. बाहेर दिवस कधीच मावळला होता.

घरी गुणमाला उंबऱ्यातच बसली होती. तिने विचारलं नाही, रागावलीही नाही. झाकलेलं ताट तिने तसंच उचलून गाईच्या दावणीकडे नेलं. सुकुमारने पाहिलं, तिचं स्वतःचं ताटही तसंच भरलेलं होतं.

सकाळी अण्णाप्पा दारात हजर. त्याने हिरवी पिशवी गुणमालासमोर ठेवली.

"वैनी, घ्या तुमची पिशवी. काल माझ्याच्यानं हरणं झालं न्हाई."

चूळ भरत असलेल्या सुकुमारने पाणी गिळलं. "हरणं झालं नाही म्हणजे?"

अण्णाप्पाने गुणमालाकडे पाहिलं. गुणमालाने भिंतीकडे पाहिलं. मग अण्णाप्पाचा बांध फुटला. "आरं, वैनीनं मला गळ घातली. म्हनाल्या, ह्यो रोज उपाशी झोपतोय, ह्याला दिवसाउजेडी घरी धाडायचा तर लवकर जिंकवा. मी हरायला लागलो. पर तुझ्याशी हरायचं म्हंजे काय खायचं काम हाय व्हय? तुझ्या सोंगट्या ढकलत ढकलत भोकाशी नेऊन ठेवायच्या, तरी तू चुकतोस! मग मी हळूच बोर्ड हलवायचा. चहा सोडल्यापेक्षा लय जड गेलं बघ. आन् काल तू ती पिशवीच मागितलीस. दुकानात कुणी चांगला म्हनत न्हाई मला, ह्या पिशवीपायी तेवढं सगळी कौतुक करत्यात. ती काय सोडवंना."

"म्हणजे... मी एकदाही खरा जिंकलो नाही?"

अण्णाप्पाने बराच वेळ आठवून पाहिलं. "एकदा. मला शिंक आली तवा."

तो गेल्यावर सुकुमार खाली बसला. कुणावर चिडावं ते त्याला कळेना.

"आवं," गुणमाला हळूच म्हणाली, "तुमी उपाशी झोपलासा की माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता. दिवसाउजेडी ताट वाढून घेतलं, तरी कानात तुमच्या पोटाची गुरगुर. सांगून ऐकलं असतंसा तर कशाला दुसऱ्याच्या पाया पडले असते?" तिने पिशवी उचलून त्याच्या हातात ठेवली. "घ्या. आता ही तुमची. आता तुमचं तुमी येत जावा."

सुकुमारचे डोळे भरून आले. जिच्यासाठी आपण महिनाभर जळलो ती पिशवी हरायची मजुरी होती, हे त्याला टोचलं खरं. पण पिशवी हातात होती आणि गोंडा मऊ होता. "माझा मी येईन," तो म्हणाला. या खेपेला खरंच मनापासून म्हणाला.

दोन दिवस त्याचा तो आला. तिसऱ्या दिवशी पार शेवटच्या उजेडात धापा टाकत आला आणि पाच घासांत जेवला. मात्र त्यानंतर अण्णाप्पाच्या जागी लालासाहेब त्याच्यासमोर खेळायला बसू लागले. अण्णाप्पाची हकिकत एव्हाना साऱ्या मंडळाला कळली होती आणि लालासाहेबांनी ती ऐकून बोर्डावर मूठ आपटली होती. "जानबूझकर हरला? आमच्या पलटणीत ह्याला गद्दारी म्हणत्यात! मी मरंन, पर हरनार न्हाई."

म्हणूनच सुकुमारने त्यांना हरवलं तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी हरवलं, तिसऱ्या दिवशी हरवलं. आठवडाभर तो हिरव्या पिशवीतून ऐटीत स्ट्रायकर काढत होता, हवालदाराला लोळवत होता आणि उन्हं असतानाच घरी जेवत होता. संस्थेतली भाषणं पुन्हा सुरू झाली. शिपायाने रजा टाकली.

शनिवारी तर त्याने लालासाहेबांना चक्क नील दिला. "काय हवालदार! पलटण कुठं गेली?"

"उमर झाली गड्या. दिसत न्हाई आता," लालासाहेब चक्क हळू आवाजात म्हणाले आणि चष्मा पुसायला खिशातून रुमाल ओढू लागले. रुमालाबरोबर काहीतरी बाहेर आलं आणि नाडीला लोंबत राहिलं. गोल बुडाची, साखळ्यांवर खांब चढवलेली, कोरी करकरीत निळी पिशवी. लालासाहेबांनी ती घाईघाईने आत कोंबली, पण लाल गोंडा बाहेरच राहिला.

सुकुमार गोंड्याकडे बघत राहिला. मग त्याने दारातून बाहेर पाहिलं. दिवस अजून हातभर वर होता. तो उठला, घरी आला, पाटावर बसला आणि गुणमालाने वाढलेलं मुकाट्याने जेवला. तिच्या शेजारच्या टोपलीत निळ्या दोऱ्याचं उरलेलं रीळ होतं.

शेवटच्या भाताला मात्र त्याला राहवलं नाही.

"हवालदाराला निळी," तो ताटातल्या भाताकडे बघत धुसफुसला, "आणि मला अण्णाप्पाची वापरलेली!"