पालीतले २०५०

भविष्य कायम पुढे असते, ही नियोजनशास्त्राची जुनी अडचण आहे. बीडजवळच्या पाली गावात २०२३ साली ती कायमची दूर करण्यात आली.

भविष्यवेध समितीच्या प्रियदर्शनी मॅडमनी गावासमोर तीन भविष्ये मांडली : संभाव्य, भयावह आणि वांछनीय. वांछनीय भविष्यात धरणाकाठच्या गायरानावर २०५० साली संगीत कारंज्यांचे उद्यान होते. शंभर टक्के गावाने हात वर केले. (जेवणाच्या पत्रावळी हात मोजूनच मांडायच्या होत्या.) चतुराबाईनेही केला. त्या गायरानात तिची मेंढरं चरत. तिच्या सासूचीही चरली होती, तेव्हा धरणाची भिंतसुद्धा उभी नव्हती.

पण समितीचे अध्यक्ष अमरसिंह दादा पंचाहत्तरीला टेकलेले. २०५० साली फीत कोण कापणार? आपली फीत दुसऱ्याला कापू देण्याची आपल्याकडे प्रथा नाही. म्हणून उद्घाटन त्याच आठवड्यात उरकले. कोनशिलेवर तारीख मात्र नियमाप्रमाणे घातली : १ मे २०५०. उद्घाटन झालेल्या उद्यानाला राखणदार लागतोच. हनुमानची नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने चतुराबाईला अडवले.

"मावशे, मेंढरं काढ भाईर. उद्यान हाय."

"कुठंय रं?"

"व्हणार हाय."

"मंग व्हईल तवा हाकल की! आज कावून?"

"फीत कापली ना. तूच हात वर केलता."

"आरं मुडद्या, म्या जेवायला केलता!"

"इतिवृत्तात तसं न्हाई."

चतुराबाई समितीकडे गेली. समितीने सहानुभूतीने ऐकले. पर्यायी चराईची तरतूद २०५०च्या आराखड्यात होतीच. तोवर मेंढरांनी धीर धरावा, असे ठरले. मेंढरं चार दिवस दावणीला ओरडली. पाचव्या दिवशी तिने ती पाटोद्याच्या बाजारात नेऊन विकली आणि एकटीने परतताना मागे वळून पाहिले नाही.

अमरसिंह दादा पुढच्याच वर्षी समाधानाने गेले. मॅडम आता दुसऱ्या जिल्ह्याचे २०७५ बघतात. हनुमान नोकरीत कायम झाला. उद्यानातून आजवर एक फूलही चोरीला गेलेले नाही. चतुराबाई अंबाजोगाईला लेकीकडे असते आणि रस्त्यात कुणाची शेळी दिसली, की तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत जाते.

उद्यानाबद्दल नागरिकांची मोबाइलवर मते मागवली, तेव्हा चौऱ्याण्णव टक्के समाधानी निघाले. उरलेल्यांची तक्रार पार्किंगची होती. ती लिंक तुम्हालाही आली होती. तुम्ही उद्यानाला पाच तारे दिलेत. कारंज्याला मात्र चारच.